आधी अर्थ पाहा

दुष्काळाची गोष्ट सांगणारा माणूस पाण्यापासून सुरुवात करतो. मी पेट्रोलपासून करणार आहे. पाणी पुढे येईलच.

मी करमाडचा. जालना रोडवरचं गाव, शहरापासून वीसेक किलोमीटर. अलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, पलीकडे बदनापूर आणि मग जालना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस-मक्याची खरेदी, पंक्चरवाले, वेल्डिंगची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या. पोटासाठी मी कारकुनी केली, हौसेखातर कविता केल्या. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. म्हणजे विजेच्या बाबतीत माझा अधिकार बटण दाबण्यापुरता. तरीही आज मी मोटारीच्या पेट्रोल पंपाच्या विजेबद्दल बोलायला बसलोय. पेट्रोल पंप म्हणजे रस्त्यावरचा, रांगेत उभं राहायचा तो नव्हे. गाडीच्या टाकीत बुडी मारून बसलेला असतो तो. त्याच्याबद्दल थोडंफार शिकायला मला साडेसहा हजार रुपये आणि बहिणीच्या ऑपरेशनची एक तारीख मोजावी लागली.

२०१३ सालचा एप्रिल संपत आला होता. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. जालना जिल्ह्यात आणि आमच्या पट्ट्यात विहिरींचे तळ दिसत होते. रस्त्यावर गाड्या कमी आणि टँकर जास्त. थोरल्या बहिणीला, म्हणजे आपाला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी जालन्याला नेत होतो. माझी गाडी जुनी, छोटी, पेट्रोलवरची, दुसऱ्याकडून घेतलेली. करमाड सोडून चार किलोमीटर गेलो असेन, चढावर गाडीनं दोन आचके दिले, पिकअप सोडला आणि भर रस्त्यात निपचित पडली. मागून ट्रकचा हॉर्न. एका डोळ्यानं अंधूक, दुसऱ्यानं जवळजवळ काहीच न दिसणारी आपा मागच्या सीटवर. तो ट्रक जेमतेम हातभर अंतरावरून गेला, त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली. आपाला ट्रक दिसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. ती शांतपणे म्हणाली, "पानी डालके देख रे बाबा." तिच्या काळातल्या गाड्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की पुन्हा चालायच्या.

दोघातिघांच्या मदतीनं गाडी कडेला ढकलली. सेल्फ मारला तर इंजिन खडखड फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. वीसेक मिनिटांनी काय झालं कोण जाणे, सुरू झाली. मला जालन्यापर्यंत जायचा धीर झाला नाही. तारीख हुकली. शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. कारागिरानं दोन मिनिटांत निदान केलं, "पंप गेला." नवा पंप बसला, बिल साडेसहा हजार. गाडी फुलासारखी चालली. दहा दिवस.

अकराव्या दिवशी नव्या तारखेसाठी पहाटेच निघालो आणि या वेळी गाडी करमाडच्या बाहेरही पडली नाही. बाजाराजवळ तोच आचका, तीच मुकी गाडी. नवा पंप दहा दिवसांत मेला असेल, यावर माझा विश्वास बसत नव्हता आणि दुसऱ्या पंपाचे पैसे खिशात नव्हते. जवळच ट्रॅक्टर-जीपच्या वायरिंगची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाची टपरी होती. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. मामा नुकतेच टपरी उघडत होते. म्हणाले, "काय कवी, गाडी मुकी झाली का?"

मंडळी, पुढचा तासभर त्यांनी जे केलं ते सांगण्याआधी हा पंप टाकीत कसा जाऊन बसला ते सांगायला हवं.

जुन्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. त्यांचा पेट्रोल पंप बहुधा इंजिनच्या कुशीला बसवलेला, इंजिनच्याच फिरण्यानं हलणारा, आत रबरी पडदा असलेला साधा भाता. विजेचा संबंध नाही. बिघडला तर डोळ्यांना दिसायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली ती कार्बोरेटर घेऊनच. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले आणि कार्बोरेटरची जागा इंधन मोजून फवारणाऱ्या इंजेक्टरनं घेतली. जगात हे आधीच सुरू झालं होतं. जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक फवारणी आणली होती. आमच्या दाराशी ते नवं तंत्र आलं २००१ साली, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला तेव्हा. गावातली पोरं तिथं कामाला लागली आणि 'सेन्सर' हा शब्द करमाडच्या चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागला.

फवारणीला दाब लागतो. कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं पोचवलं तरी भागायचं, इंजेक्टरला ते साधारण तीन बार दाबानं द्यावं लागतं. तीन बार म्हणजे किती? तीस मीटर उंच, सात-आठ मजली इमारतीएवढ्या जलकुंभाखाली नळाला जेवढा दाब असेल तेवढा. हे काम इंजिनच्या कुशीतल्या भात्याचं नाही. म्हणून विजेवर चालणारी छोटी मोटार आली, आणि ती टाकीत, पेट्रोलच्या आत बसवली. कारण लांबून ओढण्यापेक्षा जवळून ढकलणं तिला सोपं जातं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या नळीतून पेट्रोल ओढायला गेलं तर त्याची वाफ होते आणि वाफ ओढली जात नाही. शिवाय आजूबाजूचं पेट्रोलच मोटारीला थंड ठेवतं. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांच्या गाडीचा पंप लवकर म्हातारा होतो, त्याचं हेच कारण.

पेट्रोलमध्ये मोटार, म्हणजे ठिणगी, मग भडका कसा होत नाही, हा प्रश्न मीही मामांना विचारला होता. जळायला हवा लागते. बुडालेल्या पंपाभोवती हवा नाही, आणि वरच्या रिकाम्या जागेत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की एरवी ती पेटण्याजोगी राहत नाही. पण टाकी उघडली, पंप बाहेर काढला, की हा हिशेब संपला. मग बाहेरच्या हवेत एक ठिणगी पुरे. म्हणून पुढचं सगळं ऐका, पण टाकी उघडायचं काम कारागिरावर सोडा. मामा स्वतः तोंडातली विडी विझवून, वाळूची बादली शेजारी ठेवून मगच पेट्रोलच्या गाडीला हात लावतात.

तर मामांनी पहिलं काम केलं ते ऐकण्याचं. मला म्हणाले, "पंखा बंद करा, रेडिओ बंद करा, चावी फक्त ऑनवर आणा, सेल्फ मारू नका." आणि स्वतः मागच्या सीटवर कान लावून वाकले. आपा तिथंच बसलेली, ती अंग चोरून सरकली. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत चावी ऑन केली की मागून दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. पंप नळीत दाब भरून ठेवतो आणि गप्प होतो. काही नव्या गाड्यांत हे काम दार उघडतानाच होतं. रोज गाडी चालवणाऱ्या किती जणांनी हा आवाज ऐकलाय? मी तरी ऐकला नव्हता.

गप्प का होतो, यात मोठं शहाणपण आहे. पंपाला वीज थेट चावीतून मिळत नाही. ती बॅटरीतून निघते, फ्यूजमधून जाते, मग रिले नावाच्या स्विचमधून, मग दाराच्या उंबऱ्याखालून लांबच लांब तारेनं मागच्या सीटखालच्या कपलरपर्यंत, आणि तिथून पंपात. रिले म्हणजे दिवाणखान्यात बसलेल्या मालकाचा निरोप्या. मालक म्हणजे गाडीचा छोटा संगणक, ज्याला कारागीर ईसीएम म्हणतात. तो किरकोळ विजेनं रिलेतल्या वेटोळ्याला खूण करतो, आणि रिले जाडजूड वीज पंपाकडे सोडतो. इंजिन खरोखर फिरतंय असा निरोप सेन्सरकडून येत असेल तोवरच संगणक ही खूण चालू ठेवतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. कारण अपघातात नळी फुटली आणि पंप चालूच राहिला, तर तीन बार दाबाचं पेट्रोल गरम इंजिनवर फवारलं जाईल.

याचा दुसरा अर्थ असा की, पंप गप्प आहे म्हणजे पंप मेला, असं होत नाही. फ्यूज उडालेला असेल, रिले आळशी झाला असेल, तार उंदरानं कुरतडली असेल किंवा इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सरच मुका असेल. अशा सेन्सरच्या दोषात दोन सेकंदांची 'घूं' ऐकू येते, पण सेल्फ मारताना पंप चालत नाही. हा फरक कानानंच कळतो, त्याला पैसे लागत नाहीत.

त्या सकाळी मामांना आवाज आला. पण ते मान हलवत म्हणाले, "आहे, पण आजाऱ्यासारखा आहे. नवा पंप असा कण्हत नाही."

मग ते फ्यूजकडे वळले. फ्यूज शाबूत होता. इथं एक विषयांतर करतो. आमच्या गावात घरचा फ्यूज उडाला की चार पदरी तांब्याची तार बांधायची पद्धत आहे, आणि तीच माणसं गाडीच्या फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळतात. फ्यूज उडतो तो कोणाला तरी वाचवायला उडतो. पंधरा अँपियरच्या जागी पंधराचाच घालावा. नवा घातल्यावर तोही उडाला तर कुठं तरी तार पत्र्याला घासतेय किंवा मोटार अडकलीय असं समजावं. मी स्वतः हा चांदीचा कागद एकदा वापरला आहे, म्हणून कोणाला हसत नाही.

मामांनी पंपाचा रिले काढला आणि त्या जागी हॉर्नचा रिले बसवला. दोन्ही एकाच जातीचे होते. पुष्कळ गाड्यांत असे सारखे रिले शेजारी-शेजारी असतात, मात्र खालच्या पायांची मांडणी आणि आकडे जुळतात का, हे बघून घ्यावं लागतं. आवाज तसाच राहिला, कण्हणारा. म्हणजे रिलेचा दोष नाही. यालाही पैसा लागला नाही.

मग त्यांनी खिळ्याला अडकवलेला एक दिवा काढला. इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब, त्याच्या होल्डरला दोन लांब तारा आणि टोकाला चिमटे. मला जरा हसू आलं. शहरातल्या कारागिराकडे आकडे दाखवणारा देखणा मीटर होता, त्यानं कपलरवर बारा व्होल्ट दाखवलेले मी स्वतः पाहिले होते. ते मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही कवी, पण त्याला विचारलेल्याचंच उत्तर तो देतो."

हे वाक्य मला समजायला वेळ लागला. समजलं ते पाण्यामुळे. नळाची तोटी बंद असताना पाइप तट्ट भरलेला असतो. पाइपात गाळ साचून करंगळीएवढं भोक उरलं असेल तरीही बंद तोटीपाशी दाब पुरता लागतो. तोटी उघडा, मग धार बघा. मीटर हा बंद तोटीचा साक्षीदार. तो स्वतः वीज जवळजवळ पीतच नाही. तारेचे सगळे पदर कुजून एकच उरला असला तरी तो बिनधास्त बारा व्होल्ट दाखवतो. शहरातल्या कारागिरानं कपलर सोडवून, पंप वेगळा करून मोजलं होतं. दिव्याचं तसं नाही. एकवीस वॉटचा दिवा पावणेदोन अँपियर पितो. वाटेत कुठं अडथळा असेल तर तो पिवळा पडतो, लपवाछपवी करत नाही.

कपलर सोडवून मामांनी रिलेच्या जागी फ्यूज लावलेल्या तारेनं वाट 'डायरेक्ट' केली, म्हणजे मागे वीज सारखी येत राहिली. टाकी बंदच होती, हे पुन्हा सांगतो. दिव्याचा एक चिमटा कपलरमधल्या येणाऱ्या विजेला लावला आणि दुसरा लांब तारेनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा लख्ख. म्हणजे बॅटरीपासून इथपर्यंतची वाट ठणठणीत. मग दुसरा चिमटा तिथून काढून कपलरमधल्याच परतीच्या तारेला लावला. दिवा पिवळट झाला, ग्रहण लागल्यासारखा.

मामा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "पंप कशाचा गेलाय? अर्थ गेलाय."

वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. गाडीत कंपन्या एक युक्ती करतात. जायला तार देतात आणि परतीची वाट म्हणून गाडीचा पत्राच वापरतात. पंपाची परतीची तार जवळच कुठं तरी बोल्टनं पत्र्याला बांधलेली असते. वायरिंगवाले तिला अर्थ म्हणतात, इंग्रजीतल्या पृथ्वीवरून. आम्ही कवी मंडळी आयुष्यभर अर्थ शोधतो, तो असा मागच्या सीटखाली बोल्टला बांधलेला असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अर्थ गेला म्हणजे पूर्ण तुटला असं नव्हे. पूर्ण तुटता तर पंप कायमचा बंद पडला असता आणि दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. खरा वैताग असतो तो अर्धवट गेलेल्या अर्थाचा. मामांनी कपलर परत लावला, मागून बारीक टाचणी खुपसली, पंप चालू केला आणि मग स्वतःकडचा जुना मीटर काढला. परतीची तार आणि घासून चकचकीत केलेला पत्रा, यांच्या मध्ये त्यांनी मोजलं. जोड नीट असेल तर इथं जवळजवळ शून्य यायला हवं, एखाद-दोन दशांश चालेल. आले तीन व्होल्ट. तोटी उघडी ठेवून मोजलं की मीटरही खरं सांगतो.

हे तीन व्होल्ट म्हणजे काय, ते १८२७ साली जर्मनीतल्या एका शाळामास्तरानं लिहून ठेवलं आहे. गेओर्ग ओम हे कुलपं बनवणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. त्यांच्या पुस्तकाचं मायदेशात आधी कौतुक झालं नाही, नोकरीही सोडावी लागली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना कोप्ली पदक दिलं, तेव्हा जगाला पटलं. त्यांचा नियम आमच्या गाडीला लावून बघू. ढोबळ हिशेब करतोय, फिरत्या मोटारीचा हिशेब याहून जरा गुंतागुंतीचा असतो. पंपाचा रोध तीन ओम धरा. बारा व्होल्टला तो चार अँपियर पिणार. वाटेत गंजलेल्या जोडानं फक्त एक ओमचा अडथळा घातला. आता एकूण चार ओम, वीज वाहणार तीन अँपियर. त्यातले तीन व्होल्ट जोडच खाऊन टाकणार, पंपाच्या वाट्याला नऊ. आणि त्या जोडात नऊ वॉटची उष्णता तयार होणार. अंगठ्याएवढ्या जागेत नऊ वॉट. जोड तापतो, तापला की सैल होतो, सैल झाला की अडथळा आणखी वाढतो.

आता माझ्या गाडीचं सगळं वागणं उलगडलं. कमी व्होल्टेजवर पंप हळू फिरत होता. सपाट रस्त्यावर इंजिनची भूक कमी, तेव्हा भागत होतं. चढावर इंजिन जास्त मागायचं, दाब पडायचा, म्हणून आचके. जोड तापून जवळजवळ सुटला की गाडी ठप्प. वीस मिनिटांत तो निवला, पुन्हा टेकला की गाडी सुरू. शेतकरी मित्रांनी इथं एक ध्यानात घ्यावं. विहिरीवरची मोटार कमी व्होल्टेजवर जास्त वीज ओढते आणि जळते. गाडीतला पंप वेगळ्या जातीचा, तो जळण्याऐवजी मंदावतो. म्हणून विहिरीवरचा अनुभव इथं जसाच्या तसा लागू होत नाही.

आणि नवा पंप दहा दिवस चालला कसा? पंप बदलताना शहरातल्या कारागिरानं सीट उचलली, गालिचा ओढला, कपलर सोडवला-जोडला. त्या हलवाहलवीत परतीची तार बोल्टावर जरा बरी टेकली. गाडी सुरू झाली, श्रेय पंपाला गेलं. त्या कारागिरानं मला फसवलं, असं मी म्हणणार नाही. त्याला तसंच दिसलं. जुना पंप पिशवीत घालून मी घरी आणला होता. तो मी मामांना दिला आणि म्हटलं, बॅटरी लावून बघा चालतो का. त्यांनी साफ नकार दिला. कोरडा पंप, आत पेट्रोलचा ओलावा, बाहेर मोकळी हवा आणि ब्रशची ठिणगी, असा प्रयोग ते करत नाहीत. त्यामुळे तो पंप खरंच चांगला होता की तोही थकत आला होता, हे मला आजवर ठाऊक नाही.

मग गालिचा उचलला. कुबट वास आला. खाली पत्र्यावर ओल, आणि बोल्टाभोवती पांढरट-हिरवी भुकटी. कळकलेल्या पितळी भांड्यासारखा रंग. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "सीटखाली शेती करता काय?"

आणि मला आठवलं. मार्चपासून मी त्याच गाडीतून पाणी आणत होतो. ओळखीच्या एका शेतातल्या बोअरवरून, मागच्या सीटवर चार-चार कॅन घालून, एक दिवसाआड. झाकणं सैल, रस्ता खाचखळग्यांचा. हंडाभर पाणी दर आठवड्याला तरी सांडत असेल. ते आटल्या बोअरचं, तळातलं, जिभेला खारट लागणारं पाणी गालिच्याखाली मुरत होतं आणि अर्थाचा बोल्ट खात होतं. दुष्काळात आमच्या गाडीला पाणी बाधलं, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आपा म्हणाली, "मैं बोली थी ना, पानी का कुछ तो है."

दुरुस्ती अशी झाली. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. बोल्ट सोडवला, तारेचं कुजलेलं टोक कापून नवा लग दाबून बसवला. पत्र्यावरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. ग्रीस वरून, आत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग पुन्हा मोजलं. तीनच्या जागी पाच शतांश व्होल्ट. मजुरीसकट ऐंशी रुपये. मी शंभराची नोट दिली, त्यांनी वीस परत केले.

दोष दरवेळी अर्थाचाच असतो असं नाही, नाहीतर तुम्ही उद्या सीट उचकटायला बसाल. पंप खरंच मरतोही. कपलरवर दिवा दोन्ही बाजूंनी लख्ख लागतोय आणि पंप तरीही गप्प, किंवा टाकीला खालून हातानं थापटी मारली की तेवढ्यापुरता सुरू होतो, तर आतले ब्रश झिजलेत. तेव्हा पैसे काढावेत, थापट्यांवर दिवस काढू नयेत. पंप नीट गातोय आणि गाडी तरीही उपाशी, तर मग विजेचा नाद सोडून फिल्टर तुंबलाय का ते पाहावं, दाबाचा मीटर लावून घ्यावा. गाडी गरम झाल्यावरच बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते, तेव्हा संशयित तिघं असतात, पंप, रिलेच्या आतला तडकलेला टाका आणि इंजिनचा सेन्सर. गाडी बंद पडलेली असताना, त्या क्षणी, चावी ऑन करून आवाज ऐकला तर तिघांतला एखादा सुटतो. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी सुरू होते आणि कारागिराला काहीच सापडत नाही. त्यापेक्षा बंद पडल्या जागी काय ऐकलं ते लिहून न्यावं. काही गाड्यांत जोराचा धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच असतो. तो मोठ्या खड्ड्यानंही उडू शकतो, बटण दाबलं की परत बसतो. आणि उंदीर. मराठवाड्यात मका-सोयाबीनच्या गोण्यांशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदराला विसरू नये.

अलीकडे एक नवं निदान ऐकू येतं, "इथेनॉलनं पंप खाल्ला." २०२५ पासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं साहित्य त्याला सोसेल असं केलेलं आहे, जुन्यांचं तसं केलेलं नव्हतं, आणि इथेनॉल पाणी शोषतं हेही खरं. म्हणजे शंका अगदीच निराधार नाही. पण हे वाक्य कारागिराला फार सोयीचं झालंय. इथेनॉलनं खाल्ला असेल तर असेल, आधी दिवा लावून दाखव म्हणावं. मात्र अगदी नव्या गाड्यांपैकी काहींत पंपाची गती संगणक कमी-जास्त करतो, तिथं रिले 'डायरेक्ट' करण्याचा उद्योग करू नये. तिथं आधी स्कॅनरच लावावा. मामा अशा गाडीला हात लावत नाहीत, गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगतात.

त्या दिवशी आम्ही अकराच्या सुमाराला जालन्याला पोचलो. डॉक्टरांनी आपाला घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कितना काला हो गया रे तू." ती गाडी पुढे मी विकली, आता दुसरी आहे. पण आपा गाडीत बसली की मी चावी फक्त ऑनवर आणतो आणि थांबतो. आपा हातातली तसबीह थांबवते, मान जरा मागे वळवते. मग विचारते, "बोल्या क्या?"

"बोल्या," मी म्हणतो, आणि सेल्फ मारतो.